पाठटाचण

कुंडलजवळच्या एका वाडीत एक मोल्डर राहत होते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात, फौंड्रीत, १९७२ साली लागले आणि २०१० साली निवृत्त झाले. गावात सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. शिक्षण सातवीपर्यंत, बाकीचं सगळं वाळूने शिकवलं. मोल्डिंगची वाळू मुठीत दाबायची आणि मूठ उघडायची. बोटांचे ठसे गोळ्यावर तसेच राहिले आणि गोळा मधोमध स्वच्छ मोडला, की वाळू तयार. ओल कमी पडली तर साचा ढासळतो, जास्त झाली तर रस ओतताना वाफ कोंडते आणि ओतीव कामात भोकं पडतात. हे मिस्त्रींना पुस्तकाने सांगितलं नव्हतं. हाताखाली येणाऱ्या आयटीआयच्या पोरांना मात्र ते पहिल्याच दिवशी मूठ दाबायला लावायचे.

आणि त्याच पोरांना जेवणाच्या सुट्टीत एक गोष्ट सांगायचे. गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांची. वाडीच्या पोराटोरांना ती पाठ होती, मिस्त्रींच्या बायकोला तर भाकरी थापता थापता उलटीसुद्धा म्हणता आली असती.

बेळगावकडचा एक सोळा वर्षांचा पोरगा १८८५ साली मुंबईला निघाला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायची होती. वडिलांच्या मनात नव्हतं, थोरल्या भावाने, रामूअण्णांनी, खर्च उचलला. आणि मुंबईत गेल्यावर काय कळावं? पोराला काही रंगच नीट ओळखू येत नाहीत! मिस्त्री इथे थांबायचे, डबा बाजूला सारायचे. चित्रकार व्हायला निघालेला आणि रंगच दिसेना. आता काय करायचं? रंग गेला, पण रेघ राहिली. यंत्रांची चित्रं काढायला रंग लागतो कुठे! त्या रेघेवर लक्ष्मणरावांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, यांत्रिक रेखाटन शिकवायची नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती दिली. यांनी नोकरी सोडली. रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं, मग कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणाले, लोखंड जमिनीत घातलं तर जमीन विषारी होईल. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढे नगरपालिकेने बेळगावातली जागा सोडायला लावली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा निवडुंगाचा माळ दिला. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

“शिकला चित्र, केला नांगर,” मिस्त्री म्हणायचे. “शिकल्यालं वाया जात न्हाई, पोरांनो.” मग डबा झाकायचा भोंगा व्हायचा.

मिस्त्रींना ठाऊक नव्हतं, नाहीतर या गोष्टीला त्यांनी आणखी दोन नावं जोडली असती. त्याच १८८५ साली त्याच जे. जे.मध्ये त्र्यंबकेश्वरचा एक मुलगा दाखल झाला होता, धुंडिराज गोविंद फाळके. तोही चित्रकार म्हणून राहिला नाही, १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन आला. आणि पुढे जे. जे.मध्येच शिकलेले, लाहोरात चित्रकार म्हणून बस्तान बसवलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला येऊन वेदांचे पंडित झाले. एका चित्रशाळेतून नांगरवाला, सिनेमावाला आणि वेदवाला बाहेर पडले. आजच्या भाषेत या शाळेचा प्लेसमेंट रेकॉर्ड फारच वाईट म्हणायचा.

असो. मिस्त्रींना दोन मुलं. थोरला मुलगा, धाकटी मुलगी.

थोरला मेकॅनिकल इंजिनिअर झाला. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स, मशीन डिझाइन, वर्कशॉपमध्ये जॉब फाइल करून हात काळे. मग बँकेची परीक्षा दिली आणि ठाण्याला एका बँकेत अधिकारी म्हणून लागला. आज तो कर्जाच्या फायली बघतो. चार वर्षांत शिकलेल्यातलं एक सूत्रही त्याला पुन्हा लागलेलं नाही. पण त्याचं शिक्षण वाया गेलं, असं वाडीत कुणाच्या तोंडून कधी आलं नाही. पहिल्या तारखेला पगार होतो त्या माणसाचं शिक्षण आपल्याकडे वाया जात नसतं.

मुलगी बारावीला बऱ्या मार्कांनी पास झाली ते वर्ष २००७. त्या काळात मुलगी म्हटलं की डी.एड. हे ठरलेलंच होतं. दोन वर्षं शिकायचं, तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून थोड्या मानधनावर काढायची आणि मग जन्मभर जिल्हा परिषदेची कायम नोकरी. लग्नाच्या बाजारातही डी.एड. मुलीला भाव होता. त्यामुळे तालुक्यातालुक्यात डी.एड.ची विद्यालयं निघाली होती. कुठे सभागृहाच्या वर, कुठे दूध संघाच्या जुन्या इमारतीत. अशाच एका खासगी विद्यालयात मिस्त्रींनी फंडातून पैसे काढून मुलीचा प्रवेश घेतला. पावती अर्ध्याच पैशांची मिळाली. उरलेल्या अर्ध्यांबद्दल विचारायचं नसतं, हे मिस्त्रींना कुणी सांगावं लागलं नाही.

मुलगी मनापासून शिकली. सराव पाठाच्या आदल्या रात्री कंदिलाएवढ्या बल्बखाली बसून पाठटाचण लिहायची: घटक, उपघटक, उद्दिष्टे, पूर्वज्ञान, साधने, मूल्यमापन. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठिणाकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे, ही अध्यापनाची सूत्रं घरात सगळ्यांना पाठ झाली. गणितासाठी तिने शंभर मण्यांची माळ केली होती, दहा लाल, दहा पिवळे, परत दहा लाल. तपासनीस बाईंनी ती माळ वर्गात फिरवून दाखवली होती.

२००९ ला डी.एड. झाली. २०१० ला शिक्षक भरतीची सीईटी दिली, थोडक्यात हुकली. पुढच्या वर्षी बघू म्हणाली. पुढची भरती आलीच नाही. शिक्षक पात्रता परीक्षा आली, ती पहिल्यांदा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. पण नोकरीचं दार उघडायला त्यानंतरही वर्षं गेली. हजारो पोरी डी.एड.ची गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बसल्या. मिस्त्रींची मुलगी २०११ च्या मे महिन्यात तासगाव तालुक्यात दिली गेली.

सासरी चार एकर द्राक्षबाग. वाण तास-ए-गणेश, म्हणजे तालुक्याचंच नाव लावणारं. घर कर्जात होतं. २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या संजीवकाचे अंश जास्त निघाले म्हणून युरोपने आपली द्राक्षं नाकारली, त्या वर्षी कंटेनरच्या भरवशावर बसलेली जी घरं बसली त्यांतलं हे एक. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. मामांनी पहिल्या महिन्यातच तिच्या हातात फवारणीची नोंदवही दिली. कधी, कोणतं औषध, किती लिटर, काढणीला किती दिवस राहिले. “तुजं अक्षर चांगलं हाय,” म्हणाले. डी.एड.चा त्या घरात एवढाच उपयोग होता, आणि तिनेही वही घेतली.

ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली, घड निघाले, फुलोरा सरला, मणी धरले. आता थिनिंग, म्हणजे विरळणी. द्राक्षबागेत पैसा होतो किंवा जातो तो इथे. घडाला पाकळ्या, म्हणजे मण्यांच्या लहान फांद्या, किती ठेवायच्या, पाकळीतले मणी किती काढायचे, यावर मणी फुगणार की एकमेकांना दाबून आतल्या आत चिरणार हे ठरतं. निर्यातीच्या मालाला मणी सारखा, मोठा आणि घड मोकळा लागतो. हे काम बायकांच्या टोळ्या करतात. हातात लहान कात्री, डोक्यावर टॉवेल, अंगात नवऱ्याचा जुना फुल शर्ट, आणि दिवसभर मान वर. संध्याकाळी मान खाली येत नाही.

टोळीची मुकादमीण पंधरा वर्षांची अनुभवी. तिचा हात बघत राहावा असा. कात्री दोनदा कटकट वाजते आणि घड मोकळा. पण टोळीत त्या वर्षी निम्म्या पोरी नवख्या होत्या आणि मुकादमीण त्यांना एकच सांगायची: “मोकळा करा गं घड, मोकळा करा.” मोकळा म्हणजे किती? कुणी भीत भीत चार मणी काढायची, कुणी पाकळीच्या पाकळी उडवायची. मामा बांधावरून ओरडायचे. ओरडलं की पोरी अजूनच भ्यायच्या, आणि भ्यालेला हात कात्री नीट धरत नाही.

मिस्त्रींच्या मुलीने त्या रात्री फवारणीची वही मागच्या बाजूने उघडली आणि लिहिलं:

“घटक: द्राक्षघड. उपघटक: विरळणी. पूर्वज्ञान: ज्वारीच्या रानातली विरळणी. साधने: मणी, बाइंडिंग तार, कात्री.”

माहेरहून आणलेल्या पेटीत ती शंभर मण्यांची माळ होती. तिने दोरा तोडला. तारेचा देठ केला, त्याला तारेच्या दहा पाकळ्या, पाकळीला दहा मणी. शंभराच्या आसपास मणी ठेवायचे, हे मामांच्या तोंडून ऐकलेलं होतंच. लाल-पिवळा, प्लॅस्टिकचा घड तयार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टोळीला लिंबाच्या सावलीला बसवलं. समोर उभी राहिली, घड वर धरला आणि सराव पाठात विचारायची तसं विचारलं, “सांगा बरं, हे काय आहे?”

क्षणभर कुणी बोललं नाही. मग मुकादमीण म्हणाली, “आमी काय पैलीत हाय व्हय गं?” आणि सगळी टोळी खोखो हसली. लाल-पिवळ्या द्राक्षांवरून आणखी हसली. मामा आले. हजेरी चालू आहे आणि सूनबाईंनी खेळ मांडलाय, हे बघून त्यांच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तास वाया गेला, हजेरी अंगावर पडली.

रात्री तिने पाठटाचणात मूल्यमापनाच्या रकान्यात लिहिलं, “पाठ फसला.” आणि कारण शोधत बसली. डी.एड.मध्ये हेही शिकवलेलं असतं: पाठ फसला तर मुलांना दोष देऊ नये. कारण तिला सापडलं. पंधरा वर्षं ज्या बाईने ते काम केलं, तिला आपण विद्यार्थिनींच्या रांगेत बसवलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती लिंबाखाली गेलीच नाही. दुपारी भाकरी सोडल्यावर मुकादमिणीजवळ जाऊन बसली, घड तिच्या हातात दिला आणि म्हणाली, “मावशी, तुमचा हात लई झपाझप चालतो, माझ्या ध्यानात येत न्हाई. ह्याच्यावर सावकाश करून दावा की.” मावशींनी घड फिरवून बघितला. एक पाकळी वाकवली. “ही खालची जाऊ दे,” म्हणाल्या. “मधली राहू दे, पर ह्यातला आतला मणी काढ. आतला. भायेरचा न्हवं.” नवख्या पोरी जवळ सरकल्या. मावशींनी आयुष्यात पहिल्यांदाच आपला हात शब्दांत सांगितला. चुकलं तर मणी परत ओवता येत होता, खऱ्या घडासारखा जमिनीवर पडत नव्हता; त्यामुळे पोरी न भिता चुकल्या. अर्ध्या तासात दोघी-तिघी बरोबर काढू लागल्या. मामा बांधावर उभे होते. ओरडले नाहीत.

त्या दिवसापासून टोळीतल्या पोरी तिला बाई म्हणायला लागल्या. आधी चेष्टेने, मग सवयीने.

संक्रांतीला मिस्त्री वाण घेऊन लेकीकडे गेले. मुलगी बागेत होती. डोक्याला टॉवेल, साडीवर नवऱ्याचा शर्ट, हात चिकट, बोटाला कात्रीचा घट्टा. मिस्त्री काही बोलले नाहीत. चहा घेतला, वाण दिलं, एसटीने परत आले. घरी येऊन टोपी खुंटीला अडकवताना म्हणाले, “डी.एड. मातीत गेलं. फंडाचा पैसा गेला त्यो गेला, पोरीचं शिक्षानबी गेलं.”

बायको चुलीपुढे होती. तव्यावरची भाकरी उलटत तिने विचारलं, “आन तुमच्या लक्ष्मनरावाचं चित्र कुटं गेलं हुतं?”

“त्ये लक्ष्मनराव हुते.”

“तवा कुटं हुते?” ती म्हणाली. “तवा त्ये रंग न दिसणारं एक प्वार हुतं. त्येच्या बानंबी असंच म्हटलं असंल.”

मिस्त्री गप्प बसले. चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर पोरांच्या माना डोलत होत्या, त्या गोष्टीत हा सवाल आजवर कुणी घुसवला नव्हता. त्याचं कारण मला वाटतं साधं आहे. मोठ्या माणसांच्या गोष्टी आपण शेवट ठाऊक असताना ऐकतो. कारखाना उभा आहे, स्टेशनाला नाव आहे, आणि मग मागे वळून म्हणायचं की चित्रकला फुकट गेली नाही. सायकलच्या दुकानात बसलेल्या लक्ष्मणरावांना ‘तुझं शिक्षण वाया गेलं’ न म्हणणारा एक माणूस बेळगावात होता, त्याचं नाव रामूअण्णा. बाकीच्यांचं काय म्हणणं होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि ठेवलं असतं तरी आपल्याला ते आपल्याच बोलण्यासारखं वाटलं असतं.

मार्चमध्ये मुलीचा फोन आला. आवाज उतरलेला. माल काढणीला आला होता, मणी सारखे होते, पाकळ्या सारख्या होत्या, आणि तरी निम्मे घड गच्च भरले होते. आतले मणी दाबून चिरलेले. निर्यातीच्या खरेदीदाराने तो माल बाजूला काढला, तो बेदाण्याच्या शेडला गेला. मामा म्हणाले होते, बाईची शाळा नापास.

“जाऊन तरी बघा,” बायको म्हणाली.

मिस्त्री गेले. लिंबाखाली खाट टाकली होती, तिच्यावर बसून त्यांनी तो लाल-पिवळा घड मागून घेतला. बराच वेळ फिरवत राहिले. मग विचारलं, “हा घड कवाचा?”

“म्हंजे?”

“काढनीचा का थिनिंगच्या टायमाचा?”

मुलीने मणी बघितले. प्लॅस्टिकचे, मोठे, पिकलेल्या द्राक्षाएवढे. काढणीच्या वेळी घड जसा दिसायला हवा तसा तिने बनवला होता. पण थिनिंगच्या वेळी मणी असतो ज्वारीच्या दाण्याएवढा. पोरींनी नमुन्यातली फट बघितली आणि झाडावरच्या घडात तेवढी फट ठेवली. मग मणी फुगले आणि फट गिळून बसले.

“ह्याला आमच्यात पॅटर्न म्हणत्यात,” मिस्त्री म्हणाले. आवाजात फौंड्रीतला जुना सूर आला होता. “बिडाचा जॉब करायचा तर लाकडी पॅटर्न जॉबाएवढाच करून चालत न्हाई. रस थंड हुताना आकसतो. फुटाला एक सूत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा. नव्या पोरांची हितंच चूक हुती, जॉब बघून पॅटर्न करत्यात. तुजं उलटं हाय. तुजा जॉब फुगनार हाय. तर पॅटर्न विरळ धर. बघनाऱ्याला खुळा वाटंल इतका विरळ.”

मुलगी बघत राहिली. मग वही घेऊन आली आणि त्यांच्यासमोर लिहायला बसली. बाप-लेक त्या दिवशी दुपारचं जेवण विसरले. मिस्त्री तासगावात कासाराकडे जाऊन बारीक काचेचे मणी घेऊन आले. संध्याकाळपर्यंत दोन घड तयार झाले. दोन्हींचा देठ तेवढाच, दोन्हींत पाकळ्या तेवढ्याच, मणीही तेवढेच. एकात बारीक मणी, दुसऱ्यात मोठे. एक थिनिंगचा, एक काढणीचा. शेजारी शेजारी टांगले की न बोलता कळत होतं. बारीक मण्यांचा घड खरंच खुळा दिसत होता, दात पडलेल्या तोंडासारखा.

पुढच्या हंगामात मुकादमीण मावशींनीच ते दोन्ही घड लिंबाला टांगले आणि नव्या पोरींना आपणच सांगितलं. बाई बाजूला वही घेऊन उभी होती. मार्चमध्ये माल मोकळा निघाला. सगळा नाही, निसर्ग आणि औषधं आपापला हात दाखवतातच. पण आदल्या वर्षी जेवढा बेदाण्याला गेला होता तेवढा गेला नाही. मामांनी शेजारच्या बागायतदाराला सांगताना सूनबाईचं नाव घेतलं नाही, ‘आमच्यात एक पद्धत काढलीय’ म्हणाले. शेजारी मात्र सरळ बाईंकडे आला.

मग दोन टोळ्या झाल्या, मग चार. थिनिंगच्या आधीचे दहा-पंधरा दिवस ती गावोगाव जाते, टोळीच्या मुकादमिणीला हाताशी धरून पाठ घेते, एकरामागे पैसे घेते. बोलून ठरवते, पावती देते, आणि पावती पूर्ण पैशांची असते. एका बागायतदाराने विचारलं, “दोन तास बोलायचे पैसे?” ती म्हणाली, “न्हाई, पाठ टाचायचे.”

या मधल्या काळात ती नोकरीची आशा सोडून बसली होती असं नाही. पात्रता परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाली. डिसेंबर २०१७ ला शिक्षकांची अभियोग्यता चाचणी अखेर झाली, तीही दिली. भरतीच्या पवित्र पोर्टलवर याद्या लागल्या तेव्हा तिचे गुण कमी पडले होते. तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं नाव लागलं, ती कोकणात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर रुजू झाली आणि चांगलं शिकवते. मिस्त्रींच्या मुलीला त्या दिवशी वाईट वाटलं, रडलीही. दुसऱ्या दिवशी कवठेमहांकाळकडच्या एका टोळीचा पाठ ठरलेला होता, तो घेऊन आली.

मिस्त्री आता थकले आहेत. वाडीत कुणी विचारलं, पोरगी काय करते, की म्हणतात, “शिक्षिका हाय.” कुठल्या शाळेवर, असं पुढे विचारणाऱ्याला ते तासगावला जायची एसटी कधी आहे ते सांगतात.

ही गोष्ट इथे संपली असती. पण अलीकडे ती मी दोन-चार ठिकाणी सांगितली, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मान डोलावून म्हणालं, बघा, शिक्षण कधी वाया जात नाही, मुलं उगाच नोकरी-नोकरी करतात. त्यात एक गृहस्थ असे होते की ज्यांचं स्वतःचं एक विद्यालय होतं. त्यांनी तर ही गोष्ट स्नेहसंमेलनात सांगायची परवानगी मागितली.

त्यांना मी दिली नाही. माळेचा दोरा मुलीने तोडला, फसलेल्या पाठाचं कारण तिने शोधलं, हात शब्दांत मावशींनी सांगितला, सूत मिस्त्रींनी धरलं, आणि तव्यावरून योग्य तो प्रश्न मिस्त्रींच्या बायकोने विचारला. नोकऱ्या नाहीत हे दिसत असताना ज्यांनी जागा भरल्या, आणि ज्यांनी भरती वर्षानुवर्षं अडवून ठेवली, त्यांचा या गोष्टीत एवढाच भाग आहे: एका मोल्डरच्या फंडातले पैसे, अर्ध्या पावतीवर. ते त्यांनी आजवर परत केलेले नाहीत.